दुकानदाराने नाताळचे नाव घ्यावे काय?

आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की आमच्याकडे एक पत्र हमखास येते. पूर्वी ते पोस्टमन आणून देत असे, नंतर ते ई-मेलने येऊ लागले, आता ते मोबाईलवर येते. मजकूर मात्र फारसा बदललेला नाही. अमेरिकेतील मोठमोठ्या दुकानांनी ‘मेरी ख्रिसमस’ म्हणणे सोडून ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणण्यास आरंभ केला आहे, येशूला त्याच्याच जन्मोत्सवातून बाहेर काढण्याचे हे कारस्थान आहे, सबब श्रद्धावंतांनी अशा दुकानांवर बहिष्कार घालावा, असे त्यात लिहिलेले असते. शेवटी हा संदेश आणखी दहा जणांना पाठविण्याची आज्ञाही असते. आमच्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ असाच संदेश घेऊन माझ्याकडे आले. त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिने तो पाठविला होता. ‘फादर, हे आपल्या बातम्यांत घ्या. आपली माणसं झोपली आहेत,’ असे ते कळवळून म्हणाले. मी तो संदेश छापला नाही; परंतु त्यांच्या कळकळीला नुसते हसून वाटेला लावणेही मला योग्य वाटले नाही. दुकानदाराने आपल्या जाहिरातीत नाताळचे नाव घ्यावे काय, आणि त्याने ते घ्यावे असा आग्रह आपण धरावा काय, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

प्रथम घडले काय ते पाहू. या वादाचा भडका उडाला तो २००५ साली. त्या वर्षी फॉक्स न्यूज वाहिनीचे जॉन गिब्सन यांचे ‘द वॉर ऑन ख्रिसमस’, म्हणजे ‘नाताळविरुद्धचे युद्ध’, या नावाचे पुस्तक बाजारात आले आणि त्याच वाहिनीवर बिल ओ’रायली रोज रात्री या विषयावर बोलू लागले. अमेरिकन फॅमिली असोसिएशन या संघटनेने ‘टार्गेट’ या साखळी दुकानांवर बहिष्कार पुकारला. दुकानांची नावे घेऊन कोण नाताळच्या बाजूचे व कोण विरुद्ध, अशी यादीच पुढे ही संघटना दरवर्षी प्रसिद्ध करू लागली. ‘टार्गेट’ने डिसेंबरमध्ये आपल्या जाहिरातींत ‘ख्रिसमस’ हा शब्द येईल असे सांगितले आणि बहिष्कार मागे घेण्यात आला. गंमत अशी की, ज्या वाहिनीने हे रान उठविले तिच्याच संकेतस्थळावरील दुकानात झाडावर टांगायचे शोभेचे गोळे ‘हॉलिडे’च्या नावाने विकले जात होते. कोणी तरी ते उघडकीस आणल्यावर घाईघाईने शब्द बदलण्यात आला.

कॅथॉलिकांचा प्रत्यक्ष संबंध आला तो ‘वॉलमार्ट’च्या प्रकरणात, आणि ते थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. एका स्त्रीने या कंपनीला पत्र लिहून तक्रार केली, की तुम्ही ‘मेरी ख्रिसमस’ सोडून ‘हॅपी हॉलिडेज’ का म्हणता? ग्राहकसेवा विभागातील एका कर्मचाऱ्याने तिला उत्तर पाठविले. त्यात त्याने नाताळच्या प्रथांची मुळे सायबेरियातील मांत्रिकांपर्यंत नेऊन भिडविली. शिवाय कंपनीच्या संकेतस्थळावर आणखी एक गोष्ट आढळली. तेथे ज्यू लोकांच्या ‘हनुका’ सणाचे नाव टाकून शोध घेतला की त्या सणाच्या वस्तू समोर येत, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या ‘क्वांझा’चे नाव टाकले की त्या वस्तू येत, ‘ख्रिसमस’ हा शब्द टाकला की मात्र ग्राहकाला ‘हॉलिडे’ नावाच्या पानावर नेऊन सोडले जाई. न्यूयॉर्क येथील कॅथॉलिक लीग या प्रापंचिकांच्या संघटनेचे अध्यक्ष विल्यम डॉनह्यू यांनी १० नोव्हेंबर २००५ रोजी बहिष्काराची हाक दिली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने क्षमा मागितली, संकेतस्थळ दुरुस्त केले आणि बहिष्कार संपला. उत्तर लिहिणारा तो कर्मचारी यापुढे कंपनीत नाही, असेही जाहीर करण्यात आले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, कंपनीने ‘हॉलिडे शॉप’ची पाटी बदलून ‘ख्रिसमस शॉप’ केली आणि ‘मेरी ख्रिसमस’ पुन्हा सुरू केले.

या प्रकरणात दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज न्याय करता येणार नाही. पहिली तक्रार अभिवादनाची: गल्ल्यावरच्या माणसाने काय म्हणावे? दुसरी तक्रार वस्तूच्या नावाची: जे विकता आहात त्याला त्याचे नाव द्याल की नाही? दुसरी तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. गोठ्यातील बाळ येशू, मारिया, योसेफ, तीन राजे यांच्या मूर्ती विकावयाच्या आणि त्या ज्या सणासाठी आहेत त्याचे नाव उच्चारावयाचे नाही, इतरांच्या सणांची नावे घ्यावयाची व एकाच सणाला ‘हंगाम’ म्हणावयाचे, हा सर्वसमावेशकपणा नव्हे. हा साधा अप्रामाणिकपणा आहे. मकरसे विकणाऱ्याने गणपतीचे नाव टाळले तर आपण त्याला काय म्हणू? ‘लोज’ या अवजारे व घरसामान विकणाऱ्या कंपनीने २००७ साली आपल्या सूचिपत्रात नाताळच्या झाडांना ‘फॅमिली ट्री’ असे नाव दिले होते. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वंशवृक्ष होतो. कंपनीला क्षमा मागावी लागली. परंतु मला वाटते त्यात धर्मद्रोहापेक्षा हास्यास्पदपणाच अधिक होता.

पहिल्या तक्रारीचे मात्र तसे नाही. ‘हॅपी हॉलिडेज’ हे अभिवादन कोणा नास्तिकाने काल शोधून काढलेले नाही. ‘हॉलिडे’ या शब्दाच्या पोटातच ‘पवित्र दिवस’ आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण असतो, डिसेंबरात हनुका व नाताळ असतात आणि मग नवीन वर्ष. या सर्वांना मिळून एक शुभेच्छा द्यावी ही चाल तेथे अनेक पिढ्यांची आहे. १९४२ साली ‘हॉलिडे इन’ नावाचा चित्रपट आला. त्यातील ‘हॅपी हॉलिडे’ हे गीत आणि पुढे जगभर गाजलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गीत एकाच माणसाने रचलेले आहे, आणि तो माणूस, अर्व्हिंग बर्लिन, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील होता. त्याला किंवा त्याच्या कॅथॉलिक गायकाला, बिंग क्रॉस्बीला, या दोन शुभेच्छांत युद्ध आहे असे वाटल्याचे दिसत नाही.

अमेरिकेतील सामान्य ख्रिस्ती माणसालाही ते फारसे वाटत नसावे. प्यू संशोधन केंद्राने २०१२ मध्ये विचारले तेव्हा दुकानात कोणती शुभेच्छा मिळते याने काही फरक पडत नाही असे ४६ टक्के लोकांनी सांगितले होते. २०१७ मध्ये हे प्रमाण ५२ टक्के झाले, आणि ‘मेरी ख्रिसमस’च हवे म्हणणारे ४२ वरून ३२ टक्क्यांवर आले. मधल्या काळात डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या प्रचारसभांतून ‘मेरी ख्रिसमस’ परत आणण्याचे आश्वासन दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे आश्चर्य वाटते.

दुकानदार आणि नाताळ यांचे नाते किती जुने व किती गुंतागुंतीचे आहे याची आपल्या वाचकांना कल्पना नसेल. आज अमेरिकेत नाताळचे नाव जपण्याची भाषा करणाऱ्या अनेकांचे आध्यात्मिक पूर्वज हे प्युरिटन पंथाचे होते, आणि त्यांना या सणाचे नावच नको होते. कारण उघड होते. ‘ख्रिसमस’ म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. बायबलात या सणाची आज्ञा नाही आणि नावात मिस्सा आहे, तेव्हा हा सण पोपचा, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये हा सण रद्द केला. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरी येथे दुकाने उघडी ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा ज्या थोड्या दुकानदारांनी ती पाळली त्यांच्या मालाची लोकांनी नासधूस केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास ५ शिलिंग दंड होता. काम बंद ठेवणे हाही पाळण्याचाच भाग गणला जाई. नाताळला अमेरिकेच्या केंद्र सरकारी सुट्ट्यांत स्थान मिळाले ते १८७० साली.

त्यानंतर दुकानांनी हा सण जणू दत्तकच घेतला. १९३९ सालची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. त्या वर्षी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेस येत होता, त्यामुळे नाताळच्या खरेदीस दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कृतज्ञतेचा सण एक आठवडा अलीकडे ओढला. त्याच वर्षी ‘माँटगोमेरी वॉर्ड’ या दुकानांच्या साखळीने मुलांना फुकट वाटण्यासाठी आपल्या जाहिरात विभागातील रॉबर्ट मे या लेखकाकडून एक गोष्ट लिहून घेतली. लाल नाकाचा हरीण रुडॉल्फ हा तेव्हा जन्मला. आज जगभरच्या मुलांना, आपल्या वसईतल्या मुलांनाही, तीन राजांपेक्षा हा रुडॉल्फ अधिक ओळखीचा आहे.

म्हणजे दुकानाने नाताळचे नाव घेतले तर काय होते, याचा अनुभव आपल्यापाशी आहे. ते नाव वाढते, त्याच्या आतले मात्र बदलत जाते. या संदर्भात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा एक निकाल मला फार बोलका वाटतो. र्‍होड आयलंड राज्यातील पॉटकेट या गावी नगरपालिका तेथील व्यापारी संघाच्या सहकार्याने बाजारपेठेतील बागेत दरवर्षी आरास करीत असे. तीत सांताचे घर, हरणांची गाडी, झाड, विदूषक, हत्ती, अस्वल आणि त्यांच्यामध्ये ख्रिस्तजन्माचा गोठा. सरकारी पैशाने गोठा उभारणे घटनाबाह्य आहे असा दावा काहींनी लावला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गोठ्याच्या बाजूने कौल दिला. ख्रिस्ती लोकांना आनंद झाला. पण कौलाचे एक महत्त्वाचे कारण हे होते की, एवढ्या सगळ्या पसाऱ्यात ठेवलेला गोठा हा धर्मप्रचार ठरत नाही. विरोधी मत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी नेमके बोट ठेवले. गोठ्याला व्यापारासाठी उपयुक्त अशा हंगामाचा निरुपद्रवी दूत करून त्याचा अंगभूत अर्थ काढून घेतला आहे, आणि गावाचा हा विजय पराभवासारखाच आहे, असा त्यांचा आशय होता. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, पिट्सबर्ग येथील न्यायालयाच्या इमारतीत होली नेम सोसायटी या कॅथॉलिक मंडळाने ठेवलेला गोठा मात्र घटनाबाह्य ठरला, कारण तो एकटाच होता. त्याच्या सोबतीला हरणे नव्हती. वकील मंडळी गमतीने याला हरणांचा नियम म्हणतात. गोठा एकटा असला तर तो काही तरी म्हणतो, म्हणून तो चालत नाही. हरणांत मिसळला की तो काही म्हणत नाही, म्हणून तो चालतो. एका श्रद्धावंत माणसाने यापैकी कोणता निकाल अधिक अपमानकारक मानावा?

२००५ सालीच घडलेली आणखी एक घटना. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भेटकार्डावर ‘हॉलिडे सीझन’च्या शुभेच्छा होत्या, नाताळचा उल्लेख नव्हता. विल्यम डॉनह्यू यांच्यासह अनेकांनी त्यावर टीका केली. त्या कार्डावर २८व्या स्तोत्रातील वचन छापलेले होते! प्रभूचे वचन असलेले कार्ड नापास झाले. मोज्यांवरील सवलतीवर ‘ख्रिसमस’ लिहिणारे दुकान उत्तीर्ण झाले. २००९ साली ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीने आपल्या जाहिरातीत नाताळचे नाव घेतले, पण त्याच दमात हनुका, क्वांझा आणि दक्षिणायनाच्या अंताचेही घेतले. बहिष्कार घालणाऱ्या संघटनेला तोही अपमान वाटला. तेव्हा मागणी नावाची होती की पहिल्या मानाची, असा प्रश्न पडतो. ख्रिस्तसभेने येशूसाठी पहिला मान मागावा, हे गोठ्यात जन्मलेल्याच्या शिष्यांना कितपत शोभते ते वाचकांनीच ठरवावे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर माझ्यावर उदासीनतेचा आरोप येईल. दुकानाने नाव न घेणे वेगळे आणि सत्तेने नाव न घेण्याची सूचना करणे वेगळे. २०२१ साली युरोपियन कमिशनच्या अंतर्गत मार्गदर्शिकेत ‘ख्रिसमसचा काळ’ असे न म्हणता ‘सुट्ट्यांचा काळ’ म्हणावे, अशी सूचना करण्यात आली होती. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली. ग्रीसहून परतताना विमानात पत्रकारांनी विचारले तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी तिचा निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला आणि ती कालविसंगत असल्याचे सांगितले. ते योग्यच होते. सत्ता शब्दकोशात हात घालू लागली की नागरिकाने जागे व्हावे. आपल्या देशातही २०१४ पासून २५ डिसेंबर हा दिवस केंद्र सरकार ‘सुशासन दिन’ म्हणून साजरा करीत आले आहे. त्याबद्दल ख्रिस्ती समाजाने नाराजी व्यक्त केली ती याच भूमिकेतून. परंतु दुकान म्हणजे शासन नव्हे. दुकानदाराला आपले सर्व ग्राहक राखायचे असतात, त्याची शुभेच्छा हा त्याच्या हिशेबाचा भाग असतो, आणि त्यात गैर काही नाही. त्याच्याकडून आपण खरे वजन आणि खरे नाव मागू शकतो. श्रद्धेची साक्ष त्याच्याकडून मागता येत नाही. ती द्यायची जबाबदारी बाप्तिस्मा घेतलेल्यांची आहे, आणि ती आउटसोर्स करता येण्यासारखी नाही.

आणखी एक अडचण उपासनेच्या पंचांगाची आहे. पाट्या लागतात नोव्हेंबरात आणि उतरतात २६ डिसेंबरला. आपला नाताळकाळ २४ च्या संध्याकाळी सुरू होतो आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. म्हणजे आपण आगमनकाळाचा जांभळा रंग वापरीत असतो, ‘ग्लोरिया’ बाजूला ठेवलेले असते, तेव्हा दुकान नाताळ साजरा करते. आपण वेदीवर शुभ्र वस्त्र घालतो तेव्हा दुकान उरलेला माल निम्म्या किमतीत काढते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे अमेरिकेत हा वाद ऐन रंगात असताना, देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी नाताळपूर्व काळाला जडलेल्या व्यापारी प्रदूषणाबद्दल खंत व्यक्त केली होती आणि घरोघरी गोठा करण्याची प्रथा जपण्यास सांगितले होते. कोणत्याही दुकानाचे नाव त्यांनी घेतले नाही. दुकानाने नाताळचे नाव घ्यावे असेही ते म्हणाले नाहीत.

आता मी त्या घटनेकडे येतो, जिच्यामुळे हा सारा वाद माझ्या दृष्टीने फिका पडतो. २८ नोव्हेंबर २००८. कृतज्ञतेच्या सणाचा दुसरा दिवस, मोठ्या सवलतींचा शुक्रवार. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील व्हॅली स्ट्रीम येथे ‘वॉलमार्ट’च्या दारात पहाटे सुमारे दोन हजारांची गर्दी जमली होती. पाच वाजायच्या सुमारास दरवाजे तोडून जमाव आत घुसला आणि दाराशी उभा केलेला एक ३४ वर्षांचा हंगामी कामगार पायांखाली चिरडून मरण पावला. ठेकेदारामार्फत त्याला केवळ सणाच्या गर्दीसाठी घेतले होते. कामगार सुरक्षा खात्याने पुढच्या वर्षी कंपनीस ७ हजार डॉलरचा दंड सुचविला आणि कंपनी त्याविरुद्ध भांडत राहिली. हे तेच दुकान, ज्याने दोन वर्षांपूर्वी नाताळचे नाव परत पाटीवर लिहिले होते. पाटीमुळे माणूस मेला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मी एवढेच म्हणतो, की पाटीवर तो शब्द लिहून घेण्यासाठी जी ताकद, जी पत्रे, ज्या सह्या खर्च झाल्या, त्यातला एक अंश जरी त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाकरिता खर्च झाला असता तर तो नाताळशी अधिक संबंधित ठरला असता. लूककृत शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोणाला मिळते ते आठवावे. मेंढपाळ रात्रपाळीवर होते. (धर्मशाळेचा जो निष्ठुर मालक आपल्या नाताळच्या नाटकांत दरवर्षी हशा पिकवतो, तो मात्र शुभवर्तमानात कोठेच नाही. लूकने दुकानदाराला दोष दिलेला नाही.)

ख्रिस्तसभेने बाजाराकडून काय मागावे याचे एक वेगळे उदाहरण जर्मनीत आहे आणि ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. बर्लिन राज्याने २००६ साली कायदा करून आगमनकाळाच्या चारही रविवारी दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत दुकाने उघडण्यास मुभा दिली. बर्लिनचा कॅथॉलिक महाधर्मप्रांत आणि तेथील प्रोटेस्टंट ख्रिस्तसभा या दोघांनी मिळून घटनात्मक न्यायालयात दाद मागितली. १ डिसेंबर २००९ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लागोपाठ चार रविवार दुकाने उघडण्यास केवळ व्यापाऱ्यांचा फायदा व ग्राहकांची हौस ही कारणे पुरेशी नाहीत. रविवारची विश्रांती जर्मनीच्या घटनेने संरक्षिलेली आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात नाताळचे नाव कोणी कसे घ्यावे याबद्दल चर्चच्या वकिलांनी काही मागितले नाही. त्यांनी वेळ मागितला: मिस्सेला जाण्यासाठी, मुलांबरोबर जेवण्यासाठी, नुसते बसण्यासाठी, आणि तो ख्रिस्ती कामगाराइतकाच तुर्की मुसलमान कामगारालाही मिळाला. पोलंडने तर २०२५ पासून २४ डिसेंबर हा सुट्टीचा दिवस केला. अमेरिकेतही ‘हॉबी लॉबी’ ही हस्तकलेच्या साहित्याची साखळी रविवारी बंद असते. हे कुटुंब कॅथॉलिक नाही आणि त्यांची सर्वच मते मला मान्य आहेत असेही नाही. परंतु पाटीवर एक शब्द लिहिण्यास काही खर्च येत नाही. आठवड्यातला एक दिवस गल्ला बंद ठेवण्यास येतो. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा हक्क सांगितला होता, तेव्हा ही मागणी आपल्या परंपरेत नवीन नाही.

आता थोडे घराकडे वळू. हा वाद जसाच्या तसा भारतात आणणे का धोक्याचे आहे हे त्या गृहस्थांना मी दोन घटनांवरून सांगितले. २०२१ च्या ऑक्टोबरात ‘फॅबइंडिया’ या कंपनीने दिवाळीच्या तोंडावर ‘जश्न-ए-रिवाज’ नावाने कपडे बाजारात आणले. दिवाळीला उर्दू नाव का, असा गदारोळ उठला आणि कंपनीने ती जाहिरात मागे घेतली. युक्तिवाद तोच, शब्दही जवळजवळ तेच: आमच्या सणाचे नाव घ्या, आमच्या भाषेत घ्या, नाहीतर आम्ही खरेदी करणार नाही. बहुसंख्याकांच्या हातातील हे हत्यार आहे. अल्पसंख्याकांनी त्याचे कौतुक करू नये, कारण ते आपल्याकडे कधीही वळू शकते. २०२५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी छत्तीसगढ बंदच्या वेळी रायपूर येथील एका मॉलमध्ये जमाव घुसला आणि तेथील नाताळची आरास त्याने मोडून टाकली. त्या मॉलने नाताळचे नाव घेतले होते; तोच त्याचा अपराध ठरला. अमेरिकेत दुकानाने नाव न घेतल्याबद्दल त्याला शिक्षा व्हावी म्हणणारे आणि येथे नाव घेतल्याबद्दल त्याला शिक्षा करणारे एकसारखे नाहीत. बहिष्कार आणि तोडफोड यांत मोठे अंतर आहे. पण दुकानाची आरास ही धर्माची रणभूमी आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे.

आपल्या वसईच्या बाजारात डिसेंबर लागला की कागदी चांदण्या लटकू लागतात. विकणाऱ्यांत ख्रिस्ती फार थोडे. बरेचसे मारवाडी, गुजराती, काही मुसलमान बांधव. मी दरवर्षी गोठ्याची दिव्यांची माळ ज्यांच्याकडून घेतो ते वयस्कर दुकानदार मला ‘फादर, नाताळ मुबारक’ म्हणतात. पोर्तुगीजांनी दिलेला शब्द, ज्याच्या मुळाशी लॅटिनमधील जन्म आहे, त्याला अरबीतून आलेला ‘मुबारक’ जोडून! त्यांना कोणी हे म्हणण्याची सक्ती केलेली नाही. उद्या त्यांनी ते भीतीने सोडून दिले तर मला दुःख होईल, आणि आपल्यापैकी कोणाच्या आग्रहास्तव ते म्हणू लागले तरी मला त्यात आनंद उरणार नाही.

हे सर्व मी त्या ज्येष्ठ गृहस्थांना एकाच बैठकीत सांगितले नाही. दोन-तीन वेळा बोलणे झाले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे नाही. ‘फादर, तुम्ही म्हणता ते खरं, पण नाव पुसत पुसतच गोष्टी जातात,’ असे ते म्हणाले, आणि यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तेव्हा मी त्यांना आमच्याच धर्मग्रामातील एक गोष्ट सांगितली. आपल्या सात-आठ मुली आणि काही मुले महामार्गालगतच्या मॉलमध्ये विक्रीच्या कामाला आहेत. २४ डिसेंबरला तो मॉल रात्री उशिरापर्यंत उघडा असतो, दारात मोठे झाड असते, वर ‘मेरी ख्रिसमस’ झगमगत असते, लाउडस्पीकरवर नाताळगीते चालू असतात. त्या मुलांना जागरणाच्या मिस्सेला येता येत नाही. त्यांच्यातील एकीने मला सांगितले, की लाल टोपी घालून दिवसभर सगळ्यांना ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावे लागते आणि घरी पोहोचेपर्यंत आई-वडील झोपलेले असतात.

ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि मॉलच्या व्यवस्थापकाचे नाव विचारले. ख्रिस्ती कर्मचाऱ्यांना २४ तारखेस संध्याकाळी सातला मोकळे करावे आणि त्याबदल्यात त्यांनी दिवाळीला इतरांची पाळी करावी, अशा अर्थाचे पत्र त्यांनी लिहून आणले आहे. मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक. धर्मग्राम परिषदेच्या येत्या सभेत ते सह्यांसाठी ठेवले जाईल.